दहावी पेंढी

तानुबाईचं उजवं मनगट मोडलं, आणि तिच्या घरात प्रार्थनांचा पाऊस सुरू झाला.

दर बुधवारी चर्चच्या मंडळीतल्या बाया यायच्या. तेरा जणी. डोळे मिटून प्रार्थना करायच्या, मग डोळे उघडून चहाची वाट बघायच्या. तानुबाई डाव्या हातानं पातेलं उतरवायची, डाव्या हातानं गाळायची. एकदा गरम चहा पायावर सांडला, तर तिच्या पायासाठी वेगळी प्रार्थना झाली. फोटो निघाला. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर चाळीस लोकांनी हात जोडले.

त्या चाळीस जणांतला एकही शाळवाच्या रानात वाकला नाही.

कवठे महांकाळच्या बाजूला, डांबरी रस्त्याला लागून तानुबाईचं एक एकर. त्या एका एकरात तिची वर्षाची भाकरी. शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, वाळून खडखडीत झालेला, कणसं पिवळी मोत्यासारखी, आणि पाखरांनी तिथं जेवणावळ मांडलेली. गोफण फिरवायला उजवा हात लागतो, तो प्लास्टरमध्ये. मजुरीला बाया शोधाव्यात तर सगळ्या बेदाण्याच्या शेडवर. आठ-दहा दिवसांत शाळू निघाला नाही तर रानात नुसता कडबा उरणार, हे तिला दिसत होतं.

अशात मंगळवारी चर्चचे पाळकसाहेब आले. सातारचा माणूस, दोन वर्षांपूर्वी इथं बदली झालेला, पायात काळे बूट. सोबत आकाराम. फौजेतनं हवालदार होऊन आलेला आणि मंडळीचा सेक्रेटरी झालेला. इंग्रज गेले, पण त्यांचं अँग्लिकन चर्च आणि हंगामाचा सण मागं राहिला. सणाला वेदी धान्यानं सजवायची, उपकारस्तुती करायची, ही जुनी रीत. यंदा तर खुद्द बिशपसाहेब येणार होते.

पाळकसाहेबांनी आधी तिच्या हाताची चौकशी केली. मग रस्त्याकडं बघत म्हणाले की तुमच्यासारखी कणसं तालुक्यात नाहीत, वेदीच्या दोन्ही बाजूंना उभी लावायला कणसांसकट वीसेक ताटं मिळतील का.

तानुबाईच्या तोंडात लय वाईट शब्द आला होता. तिनं तो गिळला. शिवी दिली असती तर बुधवारी तिच्या जिभेसाठीही प्रार्थना झाली असती.

"वीस ताटं कशाला?" ती म्हणाली. "मागल्या म्हयन्यात तुमी दशांशावर तासभर बोललासा. ते मला लागलंय. दहावी पेंढी देवाची."

पाळकसाहेबांचा चेहरा उजळला. एक एकरातला दहावा भाग म्हणजे वेदी, कमान, दरवाजा, सगळं सजून वर उरणार. त्यांनी तिथल्या तिथं उपकार मानले आणि विचारलं, कुठल्या बाजूच्या पेंढ्या न्यायच्या.

"बाजू कशी सांगू? दहावी पेंढी नऊच्या मागनं येती. आधी नऊ काढायच्या, बांधायच्या, रचायच्या. मग दहावी तुमची."

आकाराम खाकरला. म्हणाला, काकी, कडंच्या कडंच्या घेतो की, देव काय मोजाय येतोय का.

"देव न्हाई येत, आकाराम. मी बसणार हाय बांधावर. रस्त्याकडंची निवडून चांगली चांगली देवाला आणि मधली पाखरांना, असला दशांश माझ्याच्यानं व्हायचा न्हाई. पाप लागंल मला."

आता आपलंच प्रवचन पाळकसाहेब कुठं टाकतात? बिशपसाहेबांना तर फोनवर कळवूनही झालं होतं.

शनिवारी सकाळी सदतीस माणसं रानात उतरली. तेरा प्रार्थनावाल्या बाया, त्यांचे नवरे, पुण्याहून सणाला आलेली पोरं. शाळू मुळासकट उपटायचा असतो. माती झटकायची, मूठ मूठ जमवून पेंढी आवळायची. पाळकसाहेब पहिलंच ताट उपटताना मागं आपटले. पात्यांनी त्यांचे हात ओरबाडून काढले. आकाराम परेडवर मोजावं तसं मोजत होता. नऊ म्हटलं की सगळे हसायचे, दहा म्हटलं की कुणीतरी पेंढी ट्रॉलीत भिरकवायचा. दुपारी शेजारची शालूबाई भाकरी आणि झुणका घेऊन आली आणि परत गेलीच नाही, पदर खोचून ओळीत शिरली. तिचा तर चर्चशी काही संबंध नव्हता.

दिवस कलताना रान मोकळं झालं. नऊ वाटे तानुबाईच्या खळ्यावर. आकारामनं पाठ सरळ केली आणि मग त्याच्या डोक्यात उजेड पडला.

"काकी, देवाच्या नावावर तू आमच्याकडनं फुकट सुगी काढून घेतलीस व्हय?"

"व्हय," तानुबाई म्हणाली. "साधं सांगितलं असतं तर आला असतास?"

आकाराम ट्रॉलीकडं वळला. सदतीस पाठी दिवसभर वाकलेल्या तिनं बांधावरून बघितल्या होत्या. आता त्यांचे उपकार मानावेसे वाटत होते, आणि ते तिला अजिबात आवडलं नव्हतं.

रविवारी चर्च शाळवानं भरून गेलं. बिशपसाहेब खूश. पाळकसाहेबांनी तानुबाईला साक्ष द्यायला उभं केलं. देवानं आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायचं असतं.

"देवाचं आनि माझं घरी बोलनं झालंय," ती म्हणाली. "मला ह्या लोकांशी बोलायचंय. मी दर बुधवारी तुमाला मनात लय शिव्या दिल्या. त्या मी माघारी घेत न्हाई, त्या बरोबरच हुत्या. पण काल तुमी माझं रान काढलं. माझ्या घरात आता वरीसभर भाकरी हाय. तुमचं उपकार हायत माझ्यावर." तिचा आवाज फाटला, म्हणून ती घाईनं पुढं बोलली. "माझ्या बांधाशेजारच्या कोंडीबाला लकवा झालाय. त्याचा हरबरा उभा हाय. उद्या सकाळी सातला. बिशपसाहेब, तुमी बी ऱ्हावा. झगा टांगायला माझ्या घरात खुंटी हाय."

बिशपसाहेबांनी पाळकाकडं बघितलं. पाळकसाहेब आपल्या तळहातावरचे फोड बघत होते.

"सातला सुरू केलं तर ऊन गाठतं," ते म्हणाले. "सहाला निघू."