गंज काढणारे महाराज

उदगीरच्या त्या मंडपात दर बुधवारी मुंगीला शिरायला जागा नसे. डायलिसिसचे पेशंट मंगळवारी मशीनवर रक्त धुऊन घेत आणि बुधवारी इथं गंजमोचन महाराजांपुढे बसत. आदल्या दिवशीच अंगातलं पाणी उतरलेलं, त्यामुळे धाप कमी, भूकही लागलेली. नाव मात्र महाराजांचं.

डायलिसिसची मशीन चालवणारी सिंधू मागच्या सतरंजीवर दातओठ खात बसली होती. तिचे पेशंट माणिकप्पा मशीनच्या लागोपाठ दोन पाळ्या चुकवून आज पहिल्या रांगेत होते. सुजलेल्या पायांत चपला शिरेनात, बोलताना दम लागे. सकाळी ती घरी जाऊन विनवून आली, तर म्हणाले, "पोरी, महाराजांनी मशीन बंद करायला सांगितलंय." अजून एक पाळी चुकली तर काका हाती लागायचे नाहीत, हे ती जाणून होती.

"भक्तांनो!" महाराज माइकात गरजले. "लोखंडाला चढतो तसा रक्ताला गंज चढतो! डॉक्टर त्याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. त्यांना नुसतं नाव सापडलं, आम्हाला उपाय सापडला!"

चेल्यानं कापसाच्या पांढऱ्याशुभ्र बोळ्यानं माणिकप्पांचा दंड पुसला आणि बोळा पेल्यातल्या पाण्यात पिळला. पाणी गंजाच्या रंगाचं झालं. बाया हळहळल्या. महाराजांनी चिमूटभर 'अमृतचूर्ण' टाकून ढवळलं. पाणी नितळ!

"बोला, मशीन पाहिजे?"

"न्हाई!" मंडप दणाणला. माणिकप्पांची बायको गुरम्मा पदरानं डोळे टिपू लागली.

तेवढ्यात सिंधूच्या नाकात ओळखीचा वास शिरला. सुई टोचण्याआधी दंड पुसायच्या औषधाचा. सहा वर्षं हा वास तिच्या बोटांना होता, अगदी जेवतानासुद्धा. ती तरातरा पुढे गेली, टोपलीतला नवा बोळा उचलला, महाराजांचाच हात धरून पुसला आणि दुसऱ्या पेल्यातल्या पाण्यात पिळला. पाणी तपकिरी.

"अगंबाई, तुम्हालाबी गंज? कोणत्या पाळीला येता मशीनवर?"

मंडपात खसखस पिकली. महाराज अडखळले, "हा... भक्तांचा गंज आम्ही अंगावर घेतो!"

"हाव का? मग ह्या नारळानं कुणाचा घेतला?" तिनं पूजेतला नारळ पुसला. पुन्हा तेच पाणी. मग तिनं एक बोळा सगळ्यांसमोर उकलला. आतला गाभा त्याच वासाच्या तपकिरी औषधात भिजवलेला होता.

"हे आयोडीन," ती म्हणाली. पर्समधली व्हिटॅमिन सीची आंबट गोळी चुरून तिनं पेल्यात टाकली. पाणी नितळ झालं. "अन् हे तुमचं अमृत! रक्तातला तो ताण खरा हाय. त्यानं पेशंटचं आयुष्य किती घटतं, ते डॉक्टर रक्त तपासून, वर्षानुवर्षं नोंदी ठेवून बघून राहिले. कापूस पिळून न्हाई. अन् मशीनच्या जागी चालंल अशी गोळी अजून कुणालाच सापडली न्हाई."

चेला कनातीखालून पसार झाला होता.

"पण मला लई बरं वाटलं व्हतं, पोरी," माणिकप्पा पुटपुटले.

"मशीनच्या दुसऱ्या दिवशी वाटलं, काका. आज वाटून राहिलंय का?"

माणिकप्पांनी आपल्या पायांकडे पाहिलं. गुरम्मानं त्यांच्या चपला हातात घेतल्या. "उठा," एवढंच ती म्हणाली.

संध्याकाळी मशीनवरून उतरल्यावर काट्यावर वजन साडेतीन किलोनं कमी भरलं. माणिकप्पांनी चपला घातल्या. गुरम्मा काट्याकडे बघत म्हणाली, "एवढं पाणी त्या पेल्यात मावलं असतं व्हय गं?"

जिवावर बेतलं की माणसाला चमत्कार हवासा वाटतो, त्यात लाज कसली? फक्त पाण्याचा रंग बदलला की एवढं जरूर विचारा: हे माझ्या रक्तातून आलं, की तुमच्या कापसातून?