कढईत न बुडालेला कॉर्न डॉग

मी एक जुनी लोखंडी कढई आहे. परतवाड्याला नबीभाईंच्या परसात, मोरीच्या भिंतीला टेकून पडले आहे. बूड गंजलं आहे, एक कडी ढिली झाली आहे. इथे कोणी विचारत नाही, म्हणून तुम्हालाच सांगते, मित्रांनो.

माझा जन्म रस्त्याकडेच्या एका पालात झाला. गाडीलोहाराच्या बायकोनं भाता ओढला आणि त्यानं मला घणाखाली असं काही बडवलं की विचारू नका. नबीभाईंनी मला बोटानं वाजवून पाहिलं आणि बसस्टँडजवळच्या आपल्या भज्यांच्या गाडीवर नेलं. तेव्हापासून माझ्या पोटात तेल आणि बुडाखाली आग. धारणीच्या जीपमधून उतरलेली माणसं आधी माझ्याकडे यायची, मग आपापल्या कामाला जायची. "भजे खावे तं नबीभाईचे," म्हणायची. तळायची मी आणि नाव नबीभाईंचं. असो.

त्यांची एक रीत होती. पहिल्या घाण्यातलं पहिलं भजं विकायचं नाही. ते माझ्या कडीजवळ काठावर ठेवायचं, लेकीसाठी, नगमासाठी. नगमा शाळेत जाता जाता यायची, न विचारता भजं उचलायची आणि फुंकर मारत पळायची. "हळू बेटा, भाजते ना," असं नबीभाई रोज मागून ओरडायचे आणि रोज हसायचे.

मग घरात भांडणं झाली. कशावरून ते मला माहीत नाही, मी आपली गाडीवर. नगमाची आई निखत लेकीला घेऊन अकोल्याला माहेरी निघून गेली. नबीभाई पहिलं भजं काठावर ठेवतच राहिले. दुपारपर्यंत ते पार वातड होऊन जायचं.

बरेच महिने गेले आणि एके दिवशी नगमाचा फोन आला. "अब्बा, रविवारी मामू मले तुमच्याकडे आणून सोडते. मले कॉर्न डॉग लय आवडते. मामू मशीनमधी तळते. तुमी करसान का?"

नबीभाईंनी त्या पदार्थाचं नावही ऐकलं नव्हतं. मग मोबाईलवर पाहून घेतलं. काडीला सॉसेज खोचायचं, मक्याच्या पिठात बुडवायचं आणि तळायचं. तळायचंच ना? मग काय! त्यांचा चेहरा असा खुलला की मलाही बरं वाटलं. पोरीला आवडलं तर ती सुट्टीत राहायला येईल, एवढीच त्यांची आशा होती. अमरावतीहून चिकन सॉसेज आणलं, हलालचा शिक्का नीट पाहून. शेजारच्या गिरणीवाल्या माणिकबाईंकडून मका दळून घेतला.

माणिकबाई म्हणाल्या, "नबीभाऊ, ते उभं तळा लागते. माहं खोल भगुनं देऊ का?"

"नाही ताई. माह्या हाताले या कढईचीच सवय हाय."

तिथेच सगळं चुकलं. मी पसरट, गोल बुडाची. भज्यांना माझी खोली पुरते, काडीला नाही.

रविवारी नगमा आली. उंच झाली होती. नबीभाईंनी गाडी बंद ठेवून मला घरच्या शेगडीवर चढवलं. पीठ भज्यांसारखं सैल भिजवलं आणि सॉसेज न पुसता, ओलंच त्यात बुडवलं. माझ्यात काडी उभी राहीना. आडवी केली तर अर्धी माझ्या काठाबाहेर, आचेवर. पीठ सुटून तेलात तरंगू लागलं, सॉसेज उघडं पडलं, काडी जळून काळी झाली. दुसऱ्याची तीच गत, तिसऱ्याचीही तीच. मला खोल होता आलं असतं तर त्या दिवशी झाले असते. पण लोखंडाला ठोकून दिलेला आकार सुटत नाही.

"थांब बेटा, हा जमते," नबीभाई घाम पुसत म्हणाले.

"राहू द्या अब्बा. तिकडं गेल्यावर खाईन मी."

नबीभाईंनी काड्या बाजूला ठेवल्या. उरलेल्या पिठात बेसन, कांदा, मिरची घालून त्यांनी भजी सोडली. ती मात्र सुरेख फुलली. पहिलं भजं त्यांनी माझ्या कडीजवळ ठेवलं आणि मुद्दाम पाठ फिरवली. नगमा बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिली. मग ओढणी सारखी करून अदबीनं म्हणाली, "अब्बा, हे मी घेऊ का?"

मित्रांनो, नबीभाईंच्या हातातला झारा तसाच राहिला. त्यांच्या घरी लेक नाही, पाहुणी आली होती.

"घे ना," ते म्हणाले. तिनं बशी मागितली, भजं खाल्लं, "छान झालं" म्हणाली. संध्याकाळी मामू घ्यायला आला आणि ती अकोल्याच्या बसमध्ये बसून गेली. सुट्टीचा विषय तिनं काढला नाही. नबीभाईंनीही विचारलं नाही.

त्यांनी गाडी पुन्हा लावलीच नाही. आता ते दुसऱ्याच्या हॉटेलात कामाला जातात. मला त्या संध्याकाळी धुऊन ओलीच परसात ठेवलं. लोखंडी कढई पुसून तिला तेलाचा हात लावून ठेवायची असते, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? तरी ओलीच ठेवलं. मला कोणी पुन्हा आचेवर चढवेल असं वाटत नाही. नगमा येईल असंही वाटत नाही.

तुमच्याकडे माझं थोडंच मागणं आहे, मित्रांनो. घरची लोखंडी कढई ओली ठेवू नका. आणि कोणी तुमच्यासाठी पहिलं भजं काढून ठेवत असेल, तर ते विचारून घेऊ नका. बोट भाजलं तरी चालेल, उचला.