मागच्या खोलीतली मावशी

प्राणिसंग्रहालयातल्या अस्वलिणीला सगळे मावशी म्हणत. एका डोळ्यानं आंधळी, गुडघ्यांनी अधू, आणि वीस वर्षांत काकांखेरीज कुणाच्या हातचं खाल्लं असेल तर शपथ. काका म्हणजे तिचे राखणदार. घरी काकू म्हणायच्या, "सवत परवडली असती. ती निदान चार दिवस माहेरी तरी गेली असती."

प्राणी लोकांना दाखवायचे तर परवाना लागतो, आणि परवान्याआधी तपासनीस येतो. त्या दिवशी काकांनी हौसेनं पिंजऱ्याला चुना मारला. मावशीचा उरलेला डोळा चुरचुरायला नको म्हणून तिला मागच्या खोलीत ठेवलं. इथंच गाढवपणा झाला.

तपासनिसानं पिंजऱ्याची लांबी-रुंदी मोजली आणि लिहिलं, पिंजरा रिकामा.

"साहेब, ती मागे आहे. दोन मिनिटं चला ना."

"काका, मी दिसतं तेच लिहितो. आणि मागे चिखल किती आहे!"

व्यवस्थापकानं न वाचताच खाली सही ठोकली. महिन्यानं परवाना आला. त्यात लांडगे होते, हरणं होती, मोडक्या पंखाची घारसुद्धा होती. मावशी नव्हती. परवान्यात नाही तो प्राणी ठेवणं गुन्हा. दुरुस्तीच्या अर्जाला सहा महिने लागणार, आणि तिला हलवायला मुदत पंधरा दिवसांची. काकांनी कचेरीचे उंबरठे झिजवले, या वयात लोकांच्या हातापाया पडले. नियम म्हणजे नियम, एवढंच ऐकून परत आले.

मावशीला दोन दिवसांच्या वाटेवरच्या दुसऱ्या संग्रहालयात धाडलं. काकांना सोबत जाऊ दिलं नाही. तिथं तिनं कुणाच्याही हातचं घेतलं नाही. नवव्या दिवशी गेली. काकांना असा संताप आला की कुणाचा तरी गळा धरावा. पण धरणार कुणाचा? चुना त्यांनीच मारला होता.

अर्ज मात्र टेबलांवरून फिरतच राहिला होता. सहा महिन्यांनी, वरातीमागून घोडं यावं तसा, दुरुस्त परवाना आला. अस्वल एक, मादी. व्यवस्थापकाच्या हुकुमावरून काकांनी तो पिंजऱ्यावर लावला.

पुढच्या वर्षी तोच तपासनीस आला. त्यानं रिकाम्या पिंजऱ्याकडे पाहिलं, मग परवान्याकडे.

"अस्वल कुठंय, काका?"

"मागे आहे, साहेब. चला, दाखवतो."

तपासनिसानं मागचा चिखल पाहिला, आपले बूट पाहिले. "असू दे. परवान्यात आहे ना, मग झालं," म्हणाला आणि आपल्या यादीत मावशीपुढे बरोबरची खूण करून निघून गेला.