खडा

"अजून थोडा जोर वाढव," मी म्हणाले.

"आणि खडा जळला तर?" मावशीचा हात बटणावरच थांबला. "तुझी आई वरूनही माझ्या नावाने खडे फोडेल."

आईला जाऊन दीड महिना झाला होता. तिचं प्रयोगाचं टेबल दुपारी दुसऱ्या गटाला द्यायचं होतं. मावशी, म्हणजे तिची जुनी सहकारी, लेझर लावून बसली होती. बाबा रिकामं खोकं घेऊन दाराशी ताटकळले होते.

खडा म्हणजे नखाएवढा स्फटिक, आत केसाहून बारीक छिद्रांच्या ओळी. त्या ओळींमुळे एका ठरावीक हिरव्या रंगाचा प्रकाश त्यातून जातच नाही, आल्या पावली परत फिरतो. पण प्रकाश पुरेसा प्रखर केला, तर त्याच्या जोराने खडाच किंचित बदलतो आणि वाट देतो, असं आईचं गणित होतं. दुप्पट जोर, दुप्पट फळ, असला सरळ हिशेब नाही. बराच वेळ ढिम्म काही होत नाही, आणि मग एकदम. त्या 'एकदम'च्या अलीकडे आई दर वेळी हात आखडता घ्यायची. दुसरा खडा तिला कुणी करून देणार नव्हतं. मग घरी येऊन आमच्यावर डाफरायची.

"खड्याशीच लग्न करायचं होतंस," बाबा म्हणायचे.

"झालं का तुमचं?" आता ते म्हणाले. "खाली गाडी अडून राहिलीय."

"वाढव गं मावशी. नाहीतरी उद्यापासून तो कपाटात धूळच खाणार."

तिने ओठ आवळून बटण फिरवलं. काही नाही. आणखी फिरवलं. काही नाही. तो खडा उचलून भिंतीवर आपटावासा वाटला मला.

आणि खड्यामागे मावशीने दुसऱ्या हाताने धरलेल्या पांढऱ्या कार्डावर हिरवा ठिपका उमटला.

मावशीने श्वास सोडला. मग जोर हळूहळू उतरवला. मघाशी ज्या जोराला खडा अडून बसला होता, त्याच जोराला आता ठिपका तसाच.

"एकदा उघडला की लगेच मिटत नाही," ती पुटपुटली. "हेही म्हणायची ती."

बाबांनी खोकं खाली ठेवलं. जवळ येऊन तिच्या हातातलं कार्ड घेतलं.

"एवढ्यासाठी?" त्यांनी चढ्या आवाजात सुरू केलं आणि ठिपक्याकडे वाकून पाहिलं.

मावशीने जोर आणखी उतरवला. ठिपका गेला.

बाबांनी कार्ड थोडं पुढे सरकवलं. मग थोडं मागे.