एकशे बाराव्या मिनिटानंतर

चित्रपट संपल्यावर पुरुष उठले आणि बायका बसून राहिल्या. नाशिक रोडच्या खेळात एकेचाळीसपैकी अडतीस, ओझरच्या खेळात तेहेतीसपैकी तेहेतीस. दिवे लागल्यानंतरही त्या सरासरी चार मिनिटे रिकाम्या पडद्याकडे पाहत होत्या.

चित्रपटाचे नाव ‘प्रभारी’. माझी मुलगी तेजस्विनी हिने तो सहा वर्षे खपून केला. नाशिक रोडचा एक वायरमन विजेचा प्रभार अंगात साठवू शकतो, म्हणून तो प्रभारी. मानवी शरीराची विद्युतधारिता पाहता हे अशक्य आहे, असे मी पटकथेच्या पहिल्याच वाचनात सांगितले होते. “बाबा, कचेरीत एखाद्याला प्रभारी म्हणतात तेव्हा त्याच्यात तरी काय साठलेलं असतं?” असे तिने विचारले होते.

अकरा वितरकांनी नकार दिल्यानंतर बाराव्याने, प्रफुल्लने, चित्रपट प्रदर्शित करायची तयारी दाखवली. दोन्ही खेळ त्याने मागच्या रांगेत बसून पाहिले. सोमवारी तो आमच्या घरी आला.

“मॅडम, प्रेक्षक रडत बाहेर आला तर चालतं. शिव्या देत आला तरी चालतं. पण बसून राहिला म्हणजे त्याला वाटतंय, अजून बाकी आहे. हा दोष घेऊन मी पिक्चर लावणार नाही. शुक्रवारी सकाळपर्यंत कारण सांगा, नाहीतर तुमच्या तारखा दुसऱ्याला देतो.”

तो गेल्यावर तेजस्विनीने दार लावले. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, “बाबा, तुम्ही बघा ना जरा. मला आता काहीच दिसत नाही.”

ओझरच्या विमान कारखान्यात चाचणीसाठी मुद्दाम तोडलेले धातूचे भाग तपासणे, हे सत्तावीस वर्षे माझे काम होते. तुटलेल्या पृष्ठभागावरून मागे जात जात तडा कोठे सुरू झाला ते ठरवता येते. चित्रपटाला ही पद्धत लागू पडेल असे मानायला काही आधार नव्हता. दुसरी पद्धत मला येत नव्हती.

तिच्या खोलीत भिंतभर कागद चिकटवलेला आहे. त्यावर कथेतले टप्पे मिनिटांसह लिहिलेले. या टप्प्यांना ती ‘ठोके’ म्हणते. पंचविसाव्या मिनिटाला नायकाला शक्ती मिळते, अठ्ठावन्नाव्याला खोटा विजय. एक्याऐंशीव्याला त्याचा गुरू, म्हणजे तात्या नावाचा म्हातारा लाइनमन, जळत्या गोदामात मरतो आणि नायक शक्ती टाकून देतो. शहाण्णवाव्याला तो पुन्हा उभा राहतो. शेवटी विजय आणि एकशे बाराव्या मिनिटाला समाप्ती.

माझा पहिला तर्क असा, की अशा चित्रपटांत श्रेयनामावलीनंतर एखादे छोटे दृश्य येते आणि बायका त्याची वाट पाहत असाव्यात. दुसरा तर्क असा, की पुरुष गाड्या काढायला गेले आणि बायका निवांत बसल्या. एका वेळी एकच बदल करावा हा नियम आहे. वेळ नसल्यामुळे तो मोडला. मंगळवारी ‘चित्रपट समाप्त’ अशी ठळक पाटी जोडून बचत गटाच्या बायकांना चित्रपट दाखवला. सगळ्या पायी आलेल्या, पुरुष एकही नाही. एकोणतीसपैकी एकोणतीस बसून राहिल्या.

का बसलात, असे मी प्रत्येकीला विचारले.

“असंच.”

“बरा होता की पिक्चर.”

“काका, उठायचं होतं का लगेच?”

तिसरा तर्क असा, की तात्याचा देह पडद्यावर दिसत नाही, त्यामुळे मरण पटत नसावे. तेजस्विनीने जुन्या चित्रणातून चितेचे अकरा सेकंद काढून जोडले. बुधवारी दुपारी एका वसाहतीच्या सभागृहात खेळ झाला. सत्तावीसपैकी सव्वीस बसल्या. सत्ताविसावीचे मूल रडत होते.

तेजस्विनीने सोमवारपासून नीट जेवण केले नव्हते. त्या दुपारी ती भिंतीवरच्या कागदासमोर उभी राहिली आणि तिने एक्याऐंशीव्या मिनिटावर काट मारली.

“मरणच काढून टाकते. तात्या जिवंत राहू दे.”

“मग नायक शक्ती का टाकून देतो?”

“नाही टाकणार.”

“मग शहाण्णवाव्या मिनिटाला उठून उभा कशासाठी राहतो?”

“बाबा, हे विमान नाही!” ती ओरडली. मग खाली बसली. “आणि नवीन शॉट घेऊ कुठून? केरूअण्णा आहेत का?”

तात्याची भूमिका करणारे केरूअण्णा फेब्रुवारीत वारले होते. तिला ते ठाऊक होते.

शेवटचा खेळ गुरुवारी दुपारी सटाण्याला, कांदा व्यापाऱ्यांच्या सभागृहात होता. चित्रपट संपला, पुरुष उठले, बायका राहिल्या. तेजस्विनी बाहेरच्या पायरीवर गुडघ्यांत डोके घालून बसली. मी पुढच्या रांगेतल्या साठीच्या बाईंजवळ गेलो. नाव नवसाबाई. तीन दिवस मी एकच प्रश्न विचारत होतो आणि तो चुकीचा असावा, एवढे माझ्या लक्षात आले होते.

“मावशी, कुणाची वाट बघताय?”

“म्हाताऱ्याची,” त्या लगेच म्हणाल्या.

“म्हातारा मेला. चिता दाखवली ना?”

“ती दुसऱ्या कोणाची असंल. म्हातारा जित्ता शे.”

“कशावरून?”

त्यांनी शेजारणीकडे पाहिले. दोघी हसल्या.

“आता गडीमाणसाला काय सांगावं! भाऊ, त्याची बायको शेवटाला त्या पोराला ओवाळते ना? कपाळाला एवढं कुंकू, हातात हिरव्या बांगड्या. तिला माहीत शे, नवरा कुठं दडलाय ते. आम्हाला पण कळलं. तुमच्या त्या वायरमनलाच तेवढं कळलं नाय.”

“मी म्हटलं, आता आणतील, मग आणतील,” शेजारीण म्हणाली. “नाय आणला. फुकट होता म्हणून बरं.”

मी पायरीवर जाऊन हे शब्दशः सांगितले. तेजस्विनीने डोके वर केले.

“मंगलाबाईंनी विचारलं होतं.” तात्याच्या बायकोची भूमिका मंगलाबाईंनी केली आहे. “गोदामानंतरचे सीन लागले त्या दिवशी. ‘कुंकू काढू का?’ म्हणून.”

“तू काय म्हणालीस?”

“‘कशाला?’ म्हटलं. त्यांना वाटलं, मला घाई आहे.”

तिने तिथूनच प्रफुल्लला फोन लावला. तो खूश झाला.

“सापडलं ना! एकदम सोपं. सतरा शॉट आहेत फक्त. कपाळ संगणकावर पुसा, बांगड्या पुसा, ओवाळणं कापा. आठवड्यात होईल. तारखा तुमच्या.”

तिने फोनवर हात ठेवला आणि माझ्याकडे पाहिले.

“पूस,” मी म्हणालो. “सहा वर्षे गेली आहेत. सतरा शॉट पूस.”

“तुम्ही म्हणताय हे? आजोबा गेले तेव्हा आजीचं कुंकू पुसायला बायका आल्या होत्या. त्यांना दारातून परत कोणी पाठवलं?”

“ती माझी आई होती. हा चित्रपट आहे.”

“आजी असती तर तिला तात्या मेलेला कळला असता.”

तिने फोनवरचा हात काढला. “प्रफुल्लजी, पुसणार नाही. एक वाक्य घालते. ती म्हणेल, ते गेले, पण कुंकू माझं आहे.”

“मॅडम, विजेच्या माणसाच्या पिक्चरमध्ये भाषण कोण ऐकणार? पुसताय की नाही?”

“नाही.”

“मग राहू द्या. तारखा दिल्या मी दुसऱ्याला.”

फोन बंद झाला. पायरीवर ऊन होते. ती उठली नाही, मीही तिला उठवले नाही. आत बायका आता एकेक करून बाहेर पडू लागल्या होत्या आणि तिच्या बाजूने वाट काढून जात होत्या.

घरी आल्यावर मी कारखान्यातल्या सवयीने अहवाल लिहिला. तो कोणाला द्यायचा नव्हता. त्यातला कारणाचा परिच्छेद असा:

दोष शेवटच्या दृश्यात नाही. तो एक्याऐंशीव्या मिनिटानंतर तात्याची बायको पहिल्यांदा पडद्यावर येते तेथे सुरू होतो. बायकांनी तिचे कपाळ आणि हात पाहिले आणि नवरा जिवंत आहे असा निष्कर्ष काढला. त्यांच्या माहितीप्रमाणे तो बरोबर होता. पुरुषांनी कपाळ पाहिलेच नाही, म्हणून ते उठले. दिग्दर्शिकेने ही खूण मुद्दाम ठेवली नव्हती. ज्या घरात ती वाढली त्या घरात नवरा गेल्यावर कुंकू पुसत नाहीत, त्यामुळे तिला ती खूण वाटलीच नाही. याच कारणाने तपासणाऱ्यालाही ती तीन दिवस दिसली नाही.