गणपतीपर्यंत थांबू

“हिला पंधरा पूर्ण होऊन तेरा दिवस झाले की,” आरोग्य केंद्रातल्या सिस्टरने निशिगंधाचे आधार कार्ड तिच्या आईला, राजश्रीला, परत दिले. “आशाताई, तुम्हाला मी काय नियम सांगायचा?”

आशा सेविका असलेल्या राजश्रीला नियम तोंडपाठ होता. चौदा पूर्ण, पंधराच्या आत. गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगावरची लस, फुकट. त्यासाठी तिने राजापूरकडच्या तीन वाड्या पालथ्या घातल्या होत्या. मुलींचे बाप मुंबईला. एकेकाला फोन लावून ‘पुढे मूल होत नाही म्हणे’ ही अफवा तिने न चिडता खोडून काढली. पण तेच जेव्हा मे महिन्यात तिच्या नवऱ्याने, दीपकने, मुंबईहून ऐकवले तेव्हा या बोलघेवड्या बाईची बोलती बंद झाली. “गणपतीला येतोय ना मी, तोवर थांब,” तो म्हणाला आणि ती थांबली. घरातले सगळेच गणपतीपर्यंत थांबते, गळके छप्परसुद्धा. पोरीचे वय तेवढे थांबले नाही.

आणि वाडीत मात्र ती सांगत फिरली होती, “माझ्या निशीला पहिली दिली.”

दीपक बाहेर मोटारसायकलवर बसला होता. गावी आल्यावर चार जणांशी बोलून तो आता कुठे राजी झाला होता. “डॉक्टरांकडे विकत मिळते ना?” तो म्हणाला. “शिमग्याला आलो की बघू.”

“नाय. सोमवारी मी हिला रत्नागिरीला नेते,” राजश्री म्हणाली. हेच वाक्य मे महिन्यात का नाही सुचले, याचे तिला वाईट वाटले.

तेवढ्यात औषधाला आलेली वाडीतली यमुनाबाई फाटकात भेटली. “राजश्री, तू तुज्या पोरीला आदी दिलंस म्हनून मी नातीला आनली हो. नायतर माजा काय धीर होत नव्हता.”

म्हातारी आत गेल्यावर राजश्रीने लेकीकडे पाहिले. “निशी, तुला माहीत होतं गं, मी असं सांगत होते ते?”

“वर्गात सगळ्या मलाच विचारायच्या, दुखतं काय म्हणून,” निशिगंधा म्हणाली. “मी सांगायची, मुंगी चावल्यासारखं. त्याच्यापेक्षा जास्त नाय.”