त्रेसष्ट वेळा फसलेलं मोकेंग

आमच्याकडे थायलंडात माणूस गेला की त्याचं पुस्तक निघतं. दहनाच्या दिवशी विहारात येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात ते द्यायचं. त्यात गेलेल्याची हकिकत, चार फोटो आणि लोकांच्या उपयोगी पडेल असं काहीतरी. आजोबांचं दहन शंभराव्या दिवशी ठरलं, तोवर शवपेटी विहारात, आणि पुस्तक माझ्या गळ्यात पडलं, कारण घरात शिक्षिका मी एकटी. शिक्षिकेला वेळच वेळ असतो, असं सगळ्यांना का वाटतं कोण जाणे.

आजोबा एकोणनव्वदाव्या वर्षी गेले. पेचबुरीच्या टपाल कचेरीत तारमास्तर होते, पण ती नुसती नोकरी. पन्नाशीत ते घड्याळदुरुस्ती शिकले, साठीत ताडपत्रांवरची जुनी लिपी, सत्तरीत आंब्याची कलमं. मध्ये कधीतरी पतंग, घुमणारे कवडे, शेवटी बदकं. रेडिओसमोर बसून जपानी शिकायला लागले तेव्हा आजी म्हणाली होती, "आता काय जपानी बायको आणताय?"

"ती शिकवणार असेल तर आणतो की," आजोबा म्हणाले.

प्रत्येक नादाची वेगळी वही. स्वतः करून पाहिलं असेल तेवढंच त्यात लिहायचं, ऐकीव एक ओळ नाही. जाण्याच्या महिनाभर आधी त्यांनी मला बोलावलं. "पिकुल, वह्या माझ्याबरोबर जाळू नका. जे शिकलो ते सगळं छाप. फसलेलंसुद्धा." मी हो म्हणाले. हो म्हणताना त्यात एवढी भांडणं असतील असं वाटलं नव्हतं.

एकवीस वह्या निघाल्या. वीस मी उतरवून काढल्या. एकविसावीवर लिहिलं होतं, 'मोकेंग'.

तसं हे खरवसासारखं गोड मोकेंग पेचबुरीत कुणालाही येतं. बदकाची अंडी, नारळाचं दूध, ताडगूळ, पितळी ताट आणि वरखाली निखारे. पण आजीचं मोकेंग वेगळं होतं. सुरी फिरवली तरी पाण्याचा थेंब सुटत नसे. मरताना तिने ती कृती फक्त लमाईआत्याला सांगितली, कुणाला सांगणार नाही अशी शपथ घालून. आत्याचं दुकान तेव्हापासून त्या एका पदार्थावर उभं आहे.

आत्याला वहीचा सुगावा लागला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती दारात हजर. चपला काढायच्या आधीच म्हणाली, "ती वही छापायची नाही."

"मी आजोबांना शब्द दिलाय."

"मी आईला दिलाय. तीनशे पुस्तकं वाटणार तू. म्हणजे तीनशे घरांत माझी कृती. मग दुकानात बसून मी काय माशा मारू?"

"आधी वही उघडून तरी बघ."

"बघायचंय काय? आई करत असताना बाबा तिच्या पाठीमागे उभे राहून टिपून घ्यायचे, मला माहीत नाही का?"

माझं डोकं फिरलं. "स्वतःच्या बापाला चोर म्हणतेस? शंभर दिवस तरी होऊ दे त्यांना." आणि मी वही तिच्यासमोर आपटली. आपटायला नको होती, आजोबांची वही ती. पण आपटली.

आत्याने ती उघडली. मी खांद्यावरून वाचत होते.

'१. गूळ जास्त झाला. फसलं.'

'१७. दूध दोनदा गाळलं. खालून करपलं.'

'३८. निखारे मोजून ठेवले. तिच्यासारखं नाही.'

आजी गेल्यानंतरची अकरा वर्षं होती ती. टिपून घेतलेलं काहीच नव्हतं, नुसतं चुकत जाणं होतं.

'५२. आज लमाईला विचारलं. म्हणाली, सांगता येत नाही. बरोबर आहे तिचं. पुन्हा विचारायचं नाही.'

शेवटची नोंद होती, '६३. अंडी पहाटे बदकाखालून काढून थेट वापरली. तरी पाणी सुटतंच.'

आत्याने त्या नोंदीवर बोट ठेवलं. म्हणाली, "अंडी."

"काय अंडी?"

"बदकं कशाला पाळली होती त्यांनी?"

"ताज्या अंड्यांसाठी. ताज्याशिवाय चव नाही म्हणायचे."

"मलाही आणून द्यायचे रोज. टोपलीभर, अजून कोमट असायची. मी म्हणायचे, वा बाबा, छान आहेत. आणि ते वळले की मी ती भाताच्या तुसात पुरून ठेवायचे." तिने बाहीनेच नाक पुसलं. "सात दिवसांची अंडी लागतात, पिकुल. आई शिळीच घ्यायची. बाकी पन्नासाव्या खेपेपासून त्यांचं सगळं बरोबर आहे."

आपटताना दुमडलेली वहीची पानं मी सरळ करायला लागले.

"छाप," आत्या म्हणाली. "पण आधी करून बघू. न करता त्यांनी कधी लिहिलं नाही."

छापखान्यात मजकूर द्यायला नऊ दिवस उरले होते. आजोबांच्या बदकांची त्या दिवशीची अंडी आम्ही तुसात ठेवली. छापखानेवाला रोज फोन करायचा, मी रोज त्याच्यावर खेकसायचे. आठव्या दिवशी सकाळी परसात आजोबांच्याच ताटात, त्यांच्याच वहीत बघून आत्याने मोकेंग लावलं. गार झाल्यावर सुरी फिरवली. पाणी सुटलं नाही. मी तुकडा तोंडात टाकला आणि मला आजीची इतकी आठवण आली की तिथंच पायरीवर बसले.

आत्याने हात धुतले आणि वहीत आपल्या मोठ्या अक्षरात लिहिलं, '६४. अंडी सात दिवसांची. जमलं.' तसंच छाप, म्हणाली.

मग ताट घेऊन आम्ही विहारात गेलो. शवपेटीपुढे तिने पहिला तुकडा ठेवला, हात जोडले, आणि जोडलेल्या हातांनीच रडायला लागली.

"एवढंच होतं, बाबा," ती म्हणाली. "सांगितलं असतं तर आई काय मला खाणार होती?"